गणपतीबरोबर गेलेलं कार्ड

मी मालवणच्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी लोकांना रहिवासी दाखले देण्यात गेली. अमुक इसम अमुक गावचा कायमचा रहिवासी आहे, असं टाइप करायचं, तलाठ्याचा अहवाल जोडायचा, साहेबांची सही घ्यायची आणि गोल शिक्का दाबून मारायचा. त्यामुळे माणूस कुठला, हे कागदावरून मला जेवढं कळतं तेवढं आमच्या तारकर्लीत दुसऱ्या कुणाला कळत नाही, असा माझा समज होता. हा समज गेल्या वर्षी माझ्या शेजारणीने मोडून काढला. ती सातवी शिकलेली आहे. मला अजून थोडा राग आहे, पण तो तिच्यावर नाही.

शेजारीण म्हणजे यशोदा केळुसकर, माझा बालमित्र शिवा याची बायको. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाई म्हणते, तसं सगळं गावच मला भाई म्हणतं. शिवा मालवाहू बोटींवर होता. वर्षातले नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने माझ्या पडवीत, असा त्याचा हिशेब. दहा वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर यशोदेने रडणं चार महिन्यांत आटोपलं आणि समुद्राकडच्या दोन खोल्यांना रंग देऊन बाहेर पाटी लावली. पर्यटक येऊ लागले. तिच्या हातचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन लोक पुढच्या वर्षीचं बुकिंग करून जातात. थंडीत परदेशी पाहुणेही येतात. त्यांच्याशी ती मालवणीतच बोलते आणि ते समजल्यासारखं करतात.

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवावी लागते. ते काम माझ्याकडे. पण त्याआधी यशोदा सगळं वहीत उतरवून ठेवते. वहीचे रकाने मीच आखून दिलेत: नाव, देश, पासपोर्ट, शिक्का, व्हिसा, कायमचा पत्ता, येण्याचं कारण, परत जाण्याची तारीख. एकदा एका पाहुण्याच्या व्हिसावरची कसलीशी तारीख राहिली, तर हवालदाराने भर मे महिन्यात तिला मालवणला दोन खेपा घालायला लावल्या होत्या. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं की पानावर जे दिसतं ते सगळं उतरवायचं, वेचून काढायचं नाही. इंग्रजी अक्षरं तिला येतात, इंग्रजी येत नाही. ती एकेक अक्षर रांगोळी काढावी तसं काढते, मोठं आणि सुटं. एका व्हिसाला तिला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात तिच्याशी बोललेलं तिला खपत नाही.

तिची दुसरी सवय म्हणजे घरात आलेला कोणताही नवा कागद आधी देवापुढे. रसिकाच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, पहिलीपासूनच्या मार्कशिटा देवापुढे राहून आल्या. नळजोडणीची पावती, खोल्यांचा परवाना, माझ्या नातवाची पत्रिका, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. एकच कागद तिने ठेवला नव्हता, शिवाचा मृत्यूचा दाखला. तो तिने माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "ह्यो तुमच्याकडेच र्‍हवांदे."

रसिका पुण्यात इंजिनीअर झाली, नोकरीला लागली आणि कंपनीने तिला अमेरिकेला, न्यू जर्सीला पाठवलं. तिथेच मितेशशी लग्न झालं. मितेशचे आईवडील मूळचे कुडाळचे, पण तो ठाण्यात वाढलेला, त्यामुळे आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलतो. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी यशोदेने पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला. मुंबईला जायचं म्हणून मी स्वतः तिचा रहिवासी दाखला काढून दिला, घरपट्टी, सातबारा, सगळी बाडं बांधून दिली. वकिलातीच्या खिडकीतल्या माणसाने एकही कागद बघितला नाही. त्याने दुभाष्यातर्फे विचारलं, तुम्ही परत येणार कशावरून? यशोदा म्हणाली, "घर आसा, माड आसत. आणि मी नाय इलंय तर माझो गणपती कोण बसवतलो?" दुभाष्याने त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे. व्हिसा नाकारला. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज, पुन्हा नकार.

रिया झाली तेव्हा रसिकाला फार त्रास झाला. टाके पिकले, दूध येईना, मितेशची रजा आठ दिवसांत संपली. ती दुपारी घरात एकटी बसून फोनवर आईला विचारायची, खीर कशी करू, बाळाची टाळू कशी भरू, आणि मग नुसतीच रडायची. यशोदा फोन ठेवायची आणि आमच्या पडवीत येऊन बसायची. माझी बायको किशोरी तिच्यापुढे चहा ठेवायची आणि तो गार होऊन जायचा. त्या बाईला मी शिवा गेला तेव्हाही इतकी हरलेली पाहिली नव्हती.

पुढे रसिका तिथली नागरिक झाली आणि तिने पहिलं काम केलं ते आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज टाकण्याचं. म्हणजे पाहुणी म्हणून नाही, तर अमेरिकेची कायमची रहिवासी म्हणून. 'कायमची' हा शब्द मला आवडला नव्हता, खरं सांगतो. तो शब्द मी आयुष्यभर तारकर्ली, देवबाग, वायरी अशा गावांपुढे टाइप केलेला. आमच्या यशोदेपुढे न्यू जर्सी? पण रसिका दुसऱ्यांदा गरोदर होती आणि तिथे माझ्या आवडीनिवडीला कोण विचारतो! फेब्रुवारीत यशोदेला व्हिसा मिळाला. एप्रिलमध्ये ती गेली. तिथे उतरल्यावर अधिकाऱ्याने तिच्या पासपोर्टात व्हिसाच्या पानावर शिक्का मारला आणि दोन महिन्यांनी टपालाने हिरवट रंगाचं प्लास्टिकचं कार्ड घरी आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती ते कार्ड घेऊन परत आली. घरचा गणपती होता ना. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रसिकाचे दिवस भरत होते. यशोदेचं परतीचं तिकीट आठ ऑक्टोबरचं होतं.

आता गणपतीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. यशोदेकडे पाच दिवसांचा गणपती असतो. कार्ड घरात आल्यापासून देवापुढे असं राहिलंच नव्हतं, अमेरिकेतल्या देवाच्या फोटोवर तिचा तेवढा भरवसा नव्हता. म्हणून मूर्ती बसवायच्या आधी पाटावर तांदूळ पसरले, त्यावर लाल कपडा घातला आणि कपड्याखाली कार्डाचं पांढरं पाकीट सरकवलं. वर गणपती बसले. गाऱ्हाणं, म्हणजे घराच्या वतीने देवाकडे मागणं, मी घातलं. घरात शिवा नाही, तेव्हा ते माझ्याकडेच असतं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या यशोदेन आपलो कागद तुझ्या पायाकडे ठेवलो आसा. तिची चेडवाकडची, रसिकाकडची वाट मोकळी कर. कोणाची वायट नजर आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज यशोदेचा.

पाचव्या दिवशी विसर्जन. मूर्तीचा पाट डोक्यावर घेऊन मीच समुद्रात गेलो, छातीएवढ्या पाण्यात. तीन वेळा बुडवायचं, तिसऱ्यांदा सोडायचं. लाट जोराची आली, मूर्ती गेली, कपडा गेला, तांदूळ गेले. रिकाम्या पाटावर थोडी वाळू घेऊन मी परत आलो. यशोदेने आरती म्हणता म्हणता डोळे पुसले आणि खिरापत वाटली. कपाटात दुसरं एक पांढरं पाकीट होतं, रियाच्या फोटोंचं. ते रोज दिसायचं, त्यामुळे कार्ड आपण उचलून कपाटात ठेवलंय, अशी तिची खात्रीच होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरायला बसली. मी पडवीत पेपर वाचत होतो. तिची हाक ऐकून मी तसाच धावत गेलो. कॉटवर रियाचे फोटो पसरले होते आणि ती मधोमध उभी होती.

"भाई, कार्ड नाय!"

"नीट बघ गो."

"सगळा उलटापालटा केलंय. नाय." मग तिने हळूच देवघराकडे पाहिलं. तिथे भिंतीला पाट उभा करून ठेवलेला होता. "भाई… कपड्याखाली ठेवलेलंय. मी काढूकच नाय!"

आम्ही दोघंही त्या पाटाकडे बघत राहिलो. ज्या पाटावरून ते गेलं तो माझ्या डोक्यावर होता. गाऱ्हाणंही माझंच. देवाने ऐकलं, पण यशोदेच्या आधी कार्डच वाटेला लावलं. हे मी आता गमतीने लिहितो. त्या वेळी मी पाट उचलून उलटासुलटा करून बघितला.

आम्ही फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. रसिकाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे आतापण तू येवची नाय?" यशोदेने फोन माझ्या हातात दिला. मितेश बोलायला आला. बिचारा शांत माणूस, पण त्याचाही आवाज बदलला होता.

"काका, कार्ड नसेल तर विमान कंपनी बसू देत नाही. परदेशात कार्ड हरवलं तर वकिलातीकडे एक अर्ज करावा लागतो, मग ते प्रवासापुरता कागद देतात. पण तारीख मिळून कागद हातात यायला तीन-चार आठवडे तरी जातील."

तीन-चार आठवडे. रसिकाचे दिवस दोन आठवड्यांत भरत होते.

"आणि पासपोर्टात जो व्हिसा आहे तो?" मी विचारलं.

"त्याची मुदत संपली असणार ना? सहा महिन्यांचाच होता."

मी पासपोर्ट उघडला. चष्मा लावला. व्हिसावर यशोदेचा फोटो, नंबर, आणि मुदत संपण्याची तारीख, चौदा ऑगस्ट. मी आयुष्यभर कागदावर आधी तारीख बघत आलो. तारीख गेली की कागद मेला, हे कचेरीत मी हजारदा लोकांच्या तोंडावर सांगितलंय. तसंच सांगितलं. "मेलो हो. चौदा ऑगस्टाक सरलो." एकतीस वर्षांच्या अनुभवाचा निकाल तो, एका मिनिटात लागला. मालवणच्या तिकीटवाल्याकडे गेलो, त्यानेही पान बघितलं, त्याच तारखेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. वर म्हणाला, "कदाचित सगळी प्रोसेस पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल." त्याला विचारलं कुणी होतं!

दुपारी यशोदा जेवली नाही. लेकीसाठी केलेले मेथीचे आणि डिंकाचे लाडू डब्यात भरलेले होते. ते तिने उघडून बघितले आणि झाकण लावलं. किशोरीला म्हणाली, "त्या खेपेक कागद नव्हते म्हणून नाय गेलंय. आता कागद होते, ते मीच बुडवलंय." तिचं ते 'मीच' मला फार लागलं. मी उगाच अंगणात फेऱ्या मारत राहिलो आणि मांजरावर ओरडलो.

संध्याकाळी मितेशचा निरोप आला की उशीर तर उशीर, पण वकिलातीचा अर्ज भरून टाकू, त्यासाठी पासपोर्ट आणि जुन्या व्हिसाची सगळी माहिती लागेल. मी यशोदेला म्हटलं, "वहिनी, पावण्यांचा उतरवतस तसा सगळा वहीत उतरवून ठेव, मी टाइप करतंय." खरं तर पासपोर्ट माझ्या समोरच होता. मी सरळ बघून टाइप करू शकलो असतो. पण तिच्या हाताला काहीतरी काम हवं होतं आणि आमची पद्धतही तीच. तिने वही आणली, पट्टी आणली, पदराने डोळे पुसले आणि बसली. अर्धा तास आमच्या घरात कुणी बोललं नाही.

मग वही माझ्यापुढे आली. मी वाचू लागलो. नाव, बरोबर. नंबर, बरोबर. शिक्क्याच्या रकान्यात तिने गोल काढून त्यात एप्रिलची तारीख लिहिली होती. व्हिसाच्या रकान्यात नेहमीसारखं सगळंच, अक्षर न अक्षर, मोठं आणि सुटं. चौदा ऑगस्टच्या खाली एक लांबलचक ओळ होती, रकान्यात मावली नव्हती म्हणून समासात वळवलेली.

"वहिनी, ही ओळ कसली गो?"

"माका काय म्हायत? दिसला तां लिवलंय. बारीक होता, डोळे दुखले."

मी ती इंग्रजी ओळ एकदा वाचली. मग उठून दिव्याखाली गेलो आणि पुन्हा वाचली. मग पासपोर्ट उघडला. तिथे फोटोच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, तीच ओळ होती, जी मी सकाळी बघितली नव्हती, तिकीटवाल्याने बघितली नव्हती. तिचा अर्थ असा: शिक्का मारल्यावर हा व्हिसा एक वर्षासाठी कायमच्या वास्तव्याचा तात्पुरता पुरावा म्हणून चालेल.

शिक्का मारल्यावर. शिक्का तर समोर होता. एप्रिलचा. म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत.

"काय झाला?" यशोदेने विचारलं. माझा चेहरा बघून ती घाबरली होती.

"थांब. काय बोला नुको. माका मोजूंदे." मी बोटांवर महिने मोजले. एप्रिल, मे, जून… आठ ऑक्टोबर म्हणजे जेमतेम सहा महिने. पुन्हा मोजले. मला माझ्यावर विश्वास राहिला नव्हता.

चौदा ऑगस्ट ही पहिल्यांदा आत शिरायची मुदत होती. ती तिने एप्रिलमध्येच पाळली होती. आत शिरताना शिक्का पडला आणि तेव्हापासून ते पानच तिच्या रहिवासाचा दाखला झालं, कार्ड येईपर्यंत वापरायला दिलेला. कार्ड आलं, कार्ड गेलं, पान जागच्या जागी होतं. आणि हे मला सुचू नये? पुराच्या वर्षी लोक रडत कचेरीत यायचे, साहेब, दाखला वाहून गेला, तेव्हा मीच त्यांना ओरडायचो, "दाखलो वाहून गेलो म्हणून तू गावचो नाय झालंस काय?" तिथे मला अक्कल होती. यशोदेच्या बाबतीत ती समुद्रात पडली.

मितेशला फोन करून मी ती ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "काका, पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली. वहीतूनच वाचली, पासपोर्टातून नाही. त्याने वकिलाला विचारलं, विमान कंपनीला लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून उत्तर आलं: चालतं. पान आणि शिक्का स्पष्ट असला पाहिजे आणि शिक्क्यापासून वर्ष उलटलेलं नसलं पाहिजे. नवं कार्ड तिथे पोचल्यावर मागता येईल.

मी ते उत्तर यशोदेला मराठीत सांगितलं. तिने आधी समजलं नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली, चुलीजवळ, पदर तोंडावर घेऊन, आणि हसायला लागली की रडायला, ते मला आजही सांगता येणार नाही. किशोरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी बाहेर येऊन माडाला टेकून उभा राहिलो. छातीवरून दगड काढल्यासारखं वाटलं, असं लोक म्हणतात. मला तर दगड काढल्यावर भूक लागली. त्या दिवशी मी तिच्याकडे चार भाकऱ्या खाल्ल्या.

आठ तारखेला आम्ही तिला गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर सोडायला गेलो. इथून दिल्ली, दिल्लीहून पुढे. आमच्याकडे आत जायचा पास नव्हता, म्हणून मी आणि किशोरी काचेला नाक लावून उभे. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळला. यशोदेने ते पान उघडून दाखवलं. मुलीने नाही अशी मान हलवली. तिने दुसऱ्या एका माणसाला बोलावलं, तो वाकून बघू लागला. मग यशोदेने पिशवीतून काहीतरी काढलं. तिची वही! मी तिला विमान कंपनीच्या उत्तराचा छापील कागद दिला होता, पण तिने वहीतल्या त्या पानाचा झेरॉक्स नाही, अख्खी वहीच नेली होती. ती बोटाने ओळ दाखवत होती, तिच्या मोठ्या, सुट्या अक्षरांतली. तो माणूस एकदा वही बघत होता, एकदा पासपोर्ट. मग तो हसला आणि संगणकावर काहीतरी बडवू लागला.

यशोदा काचेपाशी आली. हातात बोर्डिंग पास. काचेतून आवाज येत नव्हता, पण तिचे ओठ मला वाचता आले. "होय म्हाराजा!" म्हणत होती. मग पिशवीतून वही काढून तिथल्या शिपायाकडे दिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. शिपायाने ती दाराशी आणून मला दिली. थंडीचे पाहुणे यायचे होते, वही इथेच लागणार होती. तेवढं तिला त्या गडबडीतही आठवलं. मी रडलो. किशोरीने ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, हे तिचे उपकार.

एकोणीस ऑक्टोबरला रसिकाला मुलगा झाला. पहाटे नाही, अपरात्री नाही, आमच्या इथे चांगला दुपारच्या जेवणाच्या वेळेला फोन आला. चार दिवसांनी बाळ घरी आल्यावर व्हिडिओ लावला, तर यशोदा आमच्याकडे बघतही नव्हती. तिच्या मांडीवर बाळ, तेलाच्या वाटीत बोटं, आणि ती रसिकाला सांगत होती, "तू गप पड. मी आसंय." रसिका खरोखरच गप पडून होती, डोळे मिटून, हसत. रिया बाजूला लाडू खात होती. मी म्हटलं, वहिनी, कार्डाचं काय? तर म्हणाली, "केलो अर्ज. इला की फोटो धाडतंय. पाण्यापासून लांब ठेवतंय, काळजी नुको!"

खोल्या तिच्या मागे मी आणि किशोरीच बघत होतो. डिसेंबरात एक जर्मन जोडपं आलं. बाई माझ्याकडे बघून हसली, मी तिचा पासपोर्ट घेतला आणि नोंद करायला वही उघडली. तेव्हा पहिल्यांदाच यशोदेची स्वतःची ती नोंद मी पूर्ण बघितली. त्या संध्याकाळी मी व्हिसाचा रकाना वाचला आणि उड्या मारायला लागलो, पुढचे रकाने राहूनच गेले. पण तिची सवय तुम्हाला ठाऊक आहे, रकाना रिकामा सोडायचा नाही. सगळं संपलं असं वाटत असतानाही तिने स्वतःची नोंद शेवटपर्यंत भरली होती.

कायमचा पत्ता: तारकर्ली, भाईंच्या घराक लागून.

येण्याचं कारण: रसिकाचा बाळंतपण.

आणि परत जाण्याची तारीख, जिच्याबाबत मुंबईच्या त्या खिडकीत दोनदा तिचं कुणी खरं मानलं नव्हतं, तिथे तिने लिहिलं होतं: गणपतीच्या आदी.

मी किशोरीला हाक मारली आणि वाचून दाखवलं. मग पेन उचललं आणि खालच्या ओळीत त्या जर्मन बाईचा व्हिसा उतरवायला घेतला, वरपासून खालपर्यंत, बारीक ओळीसकट. अर्धा तास लागला.